खोडरबर नसलेला घाट

पावसाळ्यातल्या शनिवारी लोणावळ्याचा जुना रहिवासी घराबाहेर पडत नाही. पडलाच, तर रविवारी घरी पोचतो. त्या दोन दिवसांत अर्धी मुंबई आणि बहुतेक पुणं भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसायला येतं, आणि पायऱ्यांवर जागा मिळत नाही म्हणून रस्त्यावर गाडीतच बसून राहतं. आमच्या तुंगार्लीतून बाजारात चालत जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. गाडीनं किती लागतात ते नक्की सांगता येत नाही, कारण मोजायला गेलेले आमचे शेजारी अजून परत आलेले नाहीत.

अशाच एका जुलैतल्या शनिवारी मी खिडकीशी बसून रस्त्यावरची रांग पाहत होतो. एक पांढरी मोटार पाऊण तासात दोन झाडं पुढे सरकली होती. आणि माझ्या पाठीमागे, त्याच खोलीत, आमचा नातू अर्णव ताशी दोनशे ऐंशी किलोमीटरनं मोटार हाकत होता. अर्णव पनवेलला राहतो, वय वर्षे दहा. सुट्टी मिळाली की जुन्या रस्त्यानं घाट चढून आमच्याकडे येतो आणि त्याच्या बापानं इथे टाकून दिलेल्या कॉम्प्युटरला चिकटतो.

"अर्णव, जरा हळू," मी सवयीनं म्हणालो.

"आजोबा, हा गेम आहे."

"म्हणून काय झालं? वळणावर हॉर्न तरी वाजव."

त्यानं माझ्याकडे, जुन्या वस्तूंकडे बघतात तसं, प्रेमानं पाहिलं. मग म्हणाला, "आजोबा, यात आपला रस्ता आपल्याला बनवता येतो. आपण आपला घाट बनवू या?"

हे ऐकल्याबरोबर मी खुर्ची ओढली. वाचकहो, प्रस्तुत लेखक एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होता. म्हणजे साहेब बोट फिरवतील तिथे रेघ मारायची आणि साहेबांचं बोट चुकलं की रेघ खोडायची. लोकांना वाटतं, ड्राफ्ट्समनचं काम रेघा मारण्याचं. छे! रेघ कोणीही मारील. खरी कसोटी खोडण्याची. ट्रेसिंग पेपरवरची शाई अर्ध्या ब्लेडनं अशी खरवडायची की कागद फाटता कामा नये, मग ती जागा नखानं घोटून गुळगुळीत करायची, नाहीतर नवी रेघ मारताना शाई फुटते. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर आणि फ्रेंच कर्व्ह यांच्याइतकाच मान आमच्या टेबलावर त्या अर्ध्या ब्लेडला होता. तेव्हा रस्ता आखायच्या हत्यारांबद्दल दोन शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे, असं मी समजतो. सौ. तसं समजत नाही, पण तिनं भजी तळायला घेतली होती, म्हणून वाद टळला.

गेमचं नाव मी सांगत नाही. बनवणारांची मुलंबाळं असतील. पण त्यातलं रस्ता आखायचं हत्यार कसं आहे, ते सविस्तर सांगणं माझं कर्तव्य आहे.

पडद्यावर हिरवं मैदान. खाली एका पट्टीत रस्त्याचे तुकडे मांडलेले: सरळ, डावं वळण, उजवं वळण, चढ, उतार. एक तुकडा ठेवला की त्याच्या टोकाला दुसरा ठेवायचा. दिसायला अगदी सोपं. सोप्या गोष्टींची मला नेहमी भीती वाटते.

पहिली तक्रार चढाची. चढ दोनच प्रकारचे: 'सौम्य' आणि 'तीव्र'. सौम्य म्हणजे किती? आकडा नाही. अहो, 'सौम्य' हे काय घाटाचं वर्णन झालं? ते खोकल्याच्या औषधाचं वर्णन झालं! आमच्या बोरघाटातल्या रेल्वेचा जास्तीत जास्त चढ सदतीसाला एक आहे. सदतीस फूट पुढे जा, एक फूट वर चढा. ही लाइन १८५६ साली बांधायला घेतली आणि १८६३ साली सुरू झाली. पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढायचे, पंचवीस बोगदे पाडायचे, आणि हे सगळं आकड्यात. 'जरा सौम्यसा चढ द्या हो' असं चीफ इंजिनिअर बर्कलेसाहेब म्हणाले असते, तर गाडी अजून कर्जतलाच उभी असती.

दुसरी तक्रार वळणाची. या गेममध्ये सरळ रस्ता संपतो आणि त्याच क्षणी पुरं वळण सुरू होतं. खऱ्या रस्त्यावर असं नसतं. सरळ आणि वळण यांच्यामध्ये एक ट्रान्झिशन कर्व्ह असतो. तो हळूहळू वाकत जातो, आणि त्याच्याबरोबर रस्त्याची बाहेरची कड हळूहळू उचलली जाते. डोंगरी रस्त्याला ही उचल जास्तीत जास्त दहा टक्के. गाडीत बसलेल्या माणसाला यातलं काही कळत नाही, आणि न कळणं हेच त्या आखणीचं यश. गेममध्ये मात्र दर वळणाला अर्णवची मोटार दचकत होती आणि तिच्याबरोबर मीही दचकत होतो. तिसऱ्या दचकण्याला भज्याची चटणी बनियनवर सांडली.

तिसरी तक्रार तपासणीची. रस्ता चालवून पाहायचा तर दर वेळी आरंभरेषेपासून निघायचं. आमचं संशयास्पद वळण होतं शेवटाला. ते पाहायला पहिले तीन मिनिटं, ज्यांच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती अशी वळणं घ्यायची. नळ गळतो तो स्वयंपाकघरात, आणि प्लंबर म्हणतो, मी दर वेळी धरणापासून चालत येणार!

पण या किरकोळ गोष्टी झाल्या. खरी मेख मधल्या तुकड्यात आहे.

दीड तास खपून आम्ही त्रेचाळीस तुकडे जोडले होते. खोपोली सोडली, हेअरपिन घेतले, नागफणी कुठे येईल ते ठरवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सतरावं वळण जरा जास्तच आवळ आहे. मी म्हणालो, "तेवढं काढ रे." अर्णवनं त्यावर बाण ठेवून पुसलं. आणि सतराव्याबरोबर अठरा ते त्रेचाळीस सगळे गेले. मालगाडीचा एक डबा नादुरुस्त झाला म्हणून त्याच्यामागचे सगळे डबे दरीत लोटून द्यावेत, तसं.

कारण काय, की या हत्यारात प्रत्येक तुकड्याला फक्त आपल्या मागच्या तुकड्याची ओळख. आपण जमिनीवर कुठे आहोत हे त्याला स्वतःला माहीतच नाही. मागचा गेला की पुढचे सगळे अनाथ. 'मागे घ्या' असं एक बटण होतं, ते दाबलं. त्यानं इमानानं एकच पाऊल मागे घेतलं: सतरावा तुकडा परत आला. पुढचे सव्वीस आले नाहीत.

पुन्हा जोडायला घेतलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा चाळिसापर्यंत आलो, तेव्हा मी शहाणपणानं म्हणालो, "आता आहे तेवढं सेव्ह करून ठेव." तर पडद्यावर पाटी आली: रस्ता पुरा झाल्याशिवाय जपून ठेवता येणार नाही. म्हणजे आरंभरेषेपासून निघून वळसा घालून पुन्हा तिथेच मिळाला, तरच तो रस्ता. अर्धं काम हे यांच्या लेखी कामच नाही. मी एकतीस वर्षांत जे जे पुरं केलं, ते आदल्या दिवशी अर्धंच होतं, हे यांना कोण सांगणार?

आणि तेवढ्यात लाइट गेले. जुलैतल्या लोणावळ्यात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. ते नेहमीच्या वेळी गेले, एवढंच.

अंधारात अर्णवचा आवाज आला, "आजोबा, जाऊ दे. मला जमत नाही."

आता इथे मला खरोखर राग आला. मुलाचा नव्हे. दहा वर्षांच्या पोरानं तीनदा उत्तम रस्ता आखला होता. त्याची चूक एकच, की त्याला मधलं एक वळण सुधारावंसं वाटलं. ही चूक नव्हे, ही अक्कल! पण हत्यारानं त्याला शिकवलं काय? की मध्ये हात घालू नये. एक बिघडलं की सगळं टाकून द्यावं. आणि हे तीनदा घडलं की माणूस हत्याराला नावं ठेवत नाही, स्वतःला ठेवतो. वाईट बनवलेली वस्तू नेहमी असंच करते. डब्याचं झाकण उघडत नाही तेव्हा सौ. कंपनीला बोलत नाही. 'माझ्या बोटांत आता जोर राहिला नाही' म्हणते.

मेणबत्ती लावली आणि मी अर्णवला रिव्हर्सिंग स्टेशनची गोष्ट सांगितली. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली, पण खंडाळ्याच्या खाली एका ठिकाणी डोंगरानं वाट अडवली. वळायला जागाच नाही. मग इंजिनिअरांनी काय केलं? गाडी एका फाट्यावर आणून थांबवायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं, आणि उलट्या तोंडानं दुसऱ्या फाट्यानं निघायचं. इंग्रजी 'व्ही'सारखं.

"म्हणजे त्यांचं चुकलं होतं?" अर्णवनं विचारलं.

"चुकलं नव्हतं, जमलं नव्हतं. त्या वेळी तेवढंच जमत होतं." ते वळण त्यांनी तसंच सहासष्ट वर्षं चालवलं. १९२९ साली नवे बोगदे पाडून लाइन दुसरीकडून नेली आणि रिव्हर्सिंग स्टेशन बंद केलं. सांगायचा मुद्दा, मधला तुकडा बदलला. त्याच्यासाठी खाली कर्जत हलवावं लागलं नाही की वर लोणावळा.

खऱ्या घाटाला 'मागे घ्या'चं बटण नव्हतं, हेही मी त्याला सांगितलं. पहिला कंत्राटदार काम अर्धवट सोडून गेला. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा आला, तो येऊन थोड्याच दिवसांत आजारानं गेला. आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, ते अर्धं काम पुरं करवून घेतलं. भर कामाच्या दिवसांत घाटात चाळीस हजारांवर माणसं राबत होती. पटकीनं आणि अपघातांनी त्यांतली हजारो मेली, आणि त्यांची नावं कुठल्या बोगद्यावर नाहीत. तिथे एक रेघ चुकली तर काय पडत असेल! आमच्या टेबलावर चुकीची किंमत अर्धं ब्लेड होती. पडद्यावर तर तीही नाही. जिथे चूक अगदी फुकट करता येते, तिथेच ती सुधारू देत नाहीत, याला काय म्हणावं?

मधला तुकडा काढून दुसरा बसवणं हे आमच्या मावळाला नवं नाही. एक्स्प्रेसवे २००२ साली पुरा झाला, पण घाटात तो आणि जुना हमरस्ता एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि तिथेच सगळं तुंबतं. म्हणून 'मिसिंग लिंक'चं काम २०१९ मध्ये सुरू केलं: खोपोली आणि कुसगाव ही दोन टोकं पक्की धरायची, मधले सुमारे एकोणीस किलोमीटर सोडून द्यायचे, आणि बोगदे नि पूल करून सुमारे तेरा किलोमीटरचा नवा तुकडा बसवायचा. खोडणंसुद्धा आम्ही पाहिलंय. १८३० सालचा जुना पूल, ज्याला सगळे अमृतांजन पूल म्हणायचे, तो एप्रिल २०२० मध्ये सुरुंग लावून पाडला. टाळेबंदीत रस्ता रिकामा होता म्हणून मुहूर्त साधला. पूल गेला, पण म्हणून पुढचं पुणं पुसलं गेलं नाही.

टीकाकारानं दुसरी बाजूही मांडावी, असा संकेत आहे. एकापुढे एक तुकडा जोडण्यात एक सोय आहे: रस्ता मध्ये तुटका राहत नाही, आणि लहान पोरालाही पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी चालवता येतं. शिवाय या क्षेत्रातली परंपराच जरा कडक आहे. 'एक्साइटबाइक' हा मोटारसायकलचा गेम १९८४ चा. त्यात उंचवटे नि अडथळे आपल्या मनानं मांडून मार्ग आखायची सोय होती, आणि तो जपून ठेवायचं कलमही होतं. पण जपायला लागणारं टेपचं यंत्र जपानबाहेर विकायलाच आणलं नाही. बाकीच्या जगानं मार्ग आखावा, त्यावर चालवावं आणि यंत्र बंद करताना त्याला नमस्कार करावा. गणपतीसारखं, दरवर्षी विसर्जन. पुढे १९९० च्या 'स्टंट्स'मध्ये तीस गुणिले तीस चौकटींचा पट आला. तिथे प्रत्येक तुकडा आपल्या चौकटीत बसायचा. मधला उचलला तरी शेजारचे हलत नसत. म्हणजे बघा, ही अक्कल तेव्हाच आली होती. २००३ च्या 'ट्रॅकमेनिया'नं तर रस्ते आखणं हाच अर्धा खेळ केला. मग आजच्या काही मंडळींना ती अक्कल उसनी घ्यायला काय हरकत होती?

तेव्हा सूचना अशा. तुकड्याला आपली जागा स्वतःची असू द्या. मधला काढला तर तिथे नुसतं भगदाड पडावं, आणि दोन टोकांमध्ये बसेल असा तुकडा हत्यारानंच सुचवावा. आपल्याला पसंत नसेल तर नाकारता यावा. चढावर बोट ठेवलं की आकडा दिसावा. तपासणी वाटेल त्या वळणापासून सुरू व्हावी. 'मागे घ्या' म्हटलं की साहेबांचं मन जितक्या वेळा बदलतं तितकी पावलं मागे जाता यावं. अर्धा रस्ता जपता यावा, आणि नवा जपताना जुना पुसू नये. आमच्या कार्यालयात जुनी ट्रेसिंग फेकत नसत, कारण साहेब हटकून चौथ्या दिवशी पहिल्याच आखणीवर परत येत. आणि शेवटचं म्हणजे, ते हिरवं सपाट मैदान काढा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर दर वीस मीटर उंचीला एक रेघ असते. तसा काही डोंगर द्या. रस्ता हवेत आखायचा नसतो, कुणाच्या तरी उशापायथ्यानं न्यायचा असतो.

लाइट रात्री आले. पण रविवारी सकाळी आम्ही कॉम्प्युटर लावलाच नाही. मी माळ्यावरून ट्रेसिंगची एक पिवळी पडलेली गुंडाळी काढली, पेन्सिल दिली, खोडरबर दिला, आणि अर्णवला सांगितलं, "आधी सगळ्या चुका इथे करून घे." त्यानं मनापासून केल्या. सतरावं वळण पाच वेळा खोडलं. पाचव्या वेळी कागदाला भोक पडलं, मागून चिकटपट्टी लावली. दुपारपर्यंत घाट तयार झाला, तुकडे मोजून झाले, मग पडद्यावर चढवला. एकसष्ट तुकडे, एका दमात, एकही न पुसता. रस्ता पुरा मिळाला, जपून झाला. पोराच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की हत्यारावरची माझी टीका मी दोन टक्क्यांनी कमी केली.

"आजोबा, पण शिंग्रोबा राहिला."

खरंच राहिला होता. इंग्रज इंजिनिअरांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगरानं ती दाखवली, आणि बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं म्हणून साहेबांनी त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे. ड्रायव्हर मंडळी जाताना नाणं टाकतात. अर्णवही येताना गाडीच्या खिडकीतून न चुकता रुपया टाकतो. त्याच्या हिशेबात घाट म्हणजे आधी शिंग्रोबा, मग वळणं. आणि तेही बरोबरच आहे. पहिली आखणी त्याचीच.

पण गेममध्ये देऊळ कुठलं? रस्त्याकडेला ठेवायला झाडं, टायरांची चळत, जाहिरातीचा फलक आणि प्रेक्षकांचा सज्जा एवढंच सामान. अर्णवनं पट्टी शेवटपर्यंत सरकवली. सगळ्यात शेवटी रस्तादुरुस्तीच्या वेळी ठेवतात तसला एक शंकू सापडला. रंग अगदी शेंदरी. त्यानं एक झाड लावलं, झाडाखाली तो शंकू ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

शर्यत सुरू झाली. खोपोली सोडली, सतरावं वळण लोण्यातून सुरी जावी तसं घेतलं, सगळ्यांत पुढे आमची मोटार. आणि झाडाशी येताच अर्णवनं करकचून ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला, क्षणभर थांबला आणि मग निघाला. सात गाड्या सूं करून पुढे गेल्या.

प्रत्येक फेरीला थांबलो. शर्यतीत आमचा आठवा नंबर आला. गाड्या आठच होत्या.